एज ऑफ एम्पायर्स २: दरवेळी अठराव्या मिनिटाला हरताय? आधी टाउन सेंटर तपासा

"दादा, परत तेच झालं." रात्री पावणेबाराला आतेभावाचा मेसेज.

एज ऑफ एम्पायर्स २ हा गाव वसवून, सैन्य उभं करून लढायचा कॉम्प्युटरवरचा खेळ. त्यात परत तेच म्हणजे काय, ते मला आता पाठ झालंय. सुरुवात छान होते. मेंढ्या सापडतात, रानडुक्कर आणताना एकही गडी मरत नाही (आमच्यात व्हिलेजरला, म्हणजे गावातल्या कामकऱ्याला, गडी म्हणतात, खालीही तेच म्हणेन), आठ-दहा तिरंदाज उभे राहतात. मग सतराव्या-अठराव्या मिनिटाला समोरून नाईट, म्हणजे जड घोडेस्वार, येतात. आधी चार, मग आठ, मग मोजायला सवड नसते. पोरगं हरतं आणि मला विचारतं, "समोरच्याकडे एवढं सगळं येतं कुठून?"

दोन महिन्यांत त्याने यावर तीन उपाय करून पाहिले. आधी सिव्हिलायझेशन, म्हणजे ज्या लोकांचं राज्य घेऊन खेळायचं ती, बदलली. मग मोठ्या खेळाडूंचे व्हिडिओ बघून तिरंदाज पुढे-मागे नाचवायला शिकला. शेवटी नव्या पेठेत जाऊन महागाचा माउस घेऊन आला. माउस चांगला आहे, दिवेही लागतात त्यात. अठरावं मिनिट काही हललं नाही.

मीही वर्षभर याच खड्ड्यात होतो, त्यामुळे हसायचा अधिकार मला नाही. नवशिक्यांच्या दहापैकी नऊ मॅचमध्ये मला एकच दुखणं दिसतं, आणि ते लढाईत नसतं. लढाई दिसते म्हणून आपण लढाईवर खापर फोडतो.

आधी मोजा, मग बोला

खेळाच्या डेफिनिटिव्ह एडिशन या नव्या आवृत्तीत प्रत्येक ऑनलाइन मॅच आपोआप रेकॉर्ड होते. हरलेली शेवटची मॅच उघडा. स्वतःचा रंग निवडा, टाउन सेंटरवर (गावाची मुख्य इमारत, गडी इथेच बनतात) क्लिक करा आणि स्क्रीन तिथून हलवू नका. कागद-पेन घ्या. घड्याळ दहा मिनिटांवर येईपर्यंत एवढंच लिहायचं: टाउन सेंटर कधी रिकामं बसलं, किती सेकंद बसलं, आणि का बसलं. लढाई बघायची नाही, स्काउट (टेहळणीचा घोडेस्वार) कुठे फिरतोय ते बघायचं नाही. कंटाळवाणं काम आहे. मॅच हरण्यापेक्षा कमीच आहे म्हणा.

मे महिन्यात जुळे सोलापुरात त्याच्या घरी आम्ही हे केलं. कूलर समोर, आत्याने दिलेलं ताक हातात. तो म्हणत होता, "माझं टाउन सेंटर चालूच असतं दादा." मी म्हटलं, बघू.

हिशेब सोपा आहे. एक गडी तयार व्हायला खेळाच्या घड्याळात २५ सेकंद लागतात. सुरुवातीला तीन गडी आणि एक स्काउट मिळतो. (चिनी आणि माया वेगळे, ते सोडा.) दहाव्या मिनिटाला त्याच्याकडे सतरा गडी होते आणि फ्यूडल एजचं (डार्क एजनंतरचा खेळाचा दुसरा टप्पा, तिसरा कॅसल एज) बटण अजून दाबलेलं नव्हतं. म्हणजे बनवलेले चौदा गडी, त्यांचे ३५० सेकंद. लूम (टाउन सेंटरातच होणारी एक सुधारणा) घेतली होती, तिचे २५. झाले ३७५. दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद. उरलेले २२५ सेकंद, म्हणजे पावणेचार मिनिटं, टाउन सेंटर नुसतं उभं होतं. तेवढ्यात नऊ गडी झाले असते.

त्याने कागद उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाला, "पण मला तर एक क्षण रिकामा मिळाला नाही." ते खरंच होतं. रिकामं टाउन सेंटर होतं, तो नव्हता.

आता समोरच्याचं गणित. लोकसंख्या २७ होईपर्यंत टाउन सेंटर अखंड चालवलं तर २३ गडी बनतात, ५७५ सेकंद. लूमचे २५ धरून बरोबर दहाव्या मिनिटाला फ्यूडलचं बटण दाबता येतं. फ्यूडलला १३० सेकंद लागतात, म्हणजे १२:१०. मध्ये आणखी दोन गडी, १३:००. कॅसल एजला १६० सेकंद, म्हणजे १५:४०. तबेला आधीच बांधलेला असेल तर अर्ध्या मिनिटात पहिला नाईट बाहेर. सतराव्या मिनिटाला तुमच्या दारात जे येतं त्यात जादू काही नाही, हातचलाखीही फारशी नाही. त्याने फक्त थांबू दिलेलं नाही.

सेकंद जातात कुठे

त्या २२५ सेकंदांची आम्ही फोड केली. घर नव्हतं म्हणून ७०. अन्न नव्हतं म्हणून ४५. दोन्ही होतं, पण लक्ष नव्हतं म्हणून ११०. तुमचे आकडे वेगळे निघतील, कारणं बहुतेक हीच तीन असतील.

घराचं दुखणं सगळ्यात लवकर बरं होतं. टाउन सेंटरमध्ये पाच जण मावतात आणि सुरुवातीलाच चार असतात. त्यामुळे मॅच सुरू होताच दोन गड्यांनी एक घर आणि तिसऱ्याने दुसरं, हे डोळे मिटून. घराला २५ लाकूड लागतं, पाच जणांची सोय होते. एकट्या गड्याला घर बांधायला साधारण २५ सेकंद लागतात, म्हणजे एक गडी बनायला लागतात तेवढेच. वरचा लोकसंख्येचा आकडा भरून लुकलुकायला लागल्यावर घर घ्यायला गेलात, तर एक गडी गेलाच. दोन-तीन जागा शिल्लक असतानाच एकाला पाठवायचं. फ्यूडलमध्ये तबेलाही सैनिक काढत असतो, तेव्हा दोन-दोन घरं एकदम बांधा.

अन्नाचं थोडं गुंतागुंतीचं. सुरुवातीचं २०० अन्न म्हणजे चार गडी. तेवढ्यात मेंढीचं मटण टाउन सेंटरात पडायला लागलं पाहिजे. मेंढ्या एकेक करून, टाउन सेंटरला अगदी चिकटून मारायच्या. माझा भाऊ चार मेंढ्या एकदम कापायचा, घाईघाईत. मेलेल्या जनावरातलं अन्न पडल्या पडल्या सडत जातं. एका मेंढीत १०० अन्न असतं आणि ते सगळं आपल्याला हवं असतं. रानडुकरात ३४०. टाउन सेंटरजवळ कापलेली मेंढी संपत आली की गडी पाठवून डुक्कर आणायचं, आधी नाही आणि उशिराही नाही.

दुसरी चूक रांगेची. रिकामं राहू नये म्हणून पोरं शिफ्ट दाबून एकदम पाच गडी रांगेत लावतात. रांगेत लावला की ५० अन्न तिथल्या तिथे कापलं जातं. पाच लावले तर २५० अन्न अडकलं, आणि फ्यूडलला ५०० जमेनात. सुरुवातीच्या काळात एक बनतोय आणि एक रांगेत, बस्स. मोठी लढाई लागणार असं दिसलं तर चार-पाच लावायला हरकत नाही, तेव्हा अन्नही असतं.

लूमबद्दल एक वाक्य. सोलापूरकराला लूम सांगावी लागू नये, पण खेळातली लूम कापड विणत नाही, गड्यांना चिवट करते. ५० सोनं, २५ सेकंद. डुकराकडून गडी मरत असतील तर लवकर घ्या, नाहीतर फ्यूडलचं बटण दाबण्याच्या लगेच आधी.

राहिले ते ११० सेकंद.

मामाचे दोन माग

माझा मामा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात होता. लहानपणी डबा द्यायला जायचो. दोन माग एकटा सांभाळायचा. आत एवढा खटखटाट की शेजारच्याशी बोलायचं तर कानात ओरडावं लागे. मी आपला एका मागासमोर उभा राहून चादरीवर मोर कसा उमटतो ते बघत बसायचो. मामा बघायचाच नाही. त्याची पाठ एका मागाकडे, हात दुसऱ्यावर, आणि मागच्याची कांडी संपत आली की हा आधीच वळलेला. तार तुटली की आवाजात फरक पडतो म्हणायचा. मला काही कळायचा नाही तो फरक. त्याला मजुरी कापडावर मिळायची, उभ्या मागावर नाही, म्हणून त्याला कळायचा.

भावाला हेच सांगितलं: तू मोर बघत बसतोस बे. स्काउट शत्रूच्या मेंढ्यांमागे धावतोय, तू त्याच्यासोबत धावतोस. तिरंदाज लढतायत, तू प्रत्येक बाण बघतोस. मागे माग उभा.

यावर उपाय बोटांचा आहे, डोळ्यांचा नाही. एच दाबलं की टाउन सेंटर निवडलं जातं, क्यू दाबलं की गडी रांगेत. ही मूळ मांडणीतली बटणं आहेत; तुम्ही बदलली असतील तर तुमची जी असतील ती. एच-क्यू. माउसने टाउन सेंटर शोधत जायची गरज नाही, लढाई चालू असतानाच डावा हात हे करू शकतो. रँक्ड (रेटिंग लागणारी ऑनलाइन) मॅच १.७ पट वेगाने चालते, त्यामुळे खेळातले २५ सेकंद म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात जेमतेम पंधरा सेकंद. दर पंधरा सेकंदांनी एच-क्यू. भावाने पहिले दोन दिवस मोबाइलवर पंधरा सेकंदांची टिकटिक लावून खेळून पाहिलं. आत्या वैतागली, पण तिसऱ्या दिवशी टिकटिक बंद केल्यावरही बोट आपोआप जायला लागलं. याशिवाय स्क्रीनच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात सगळ्या इमारतींत काय बनतंय त्याची रांग दिसते. तिथे गड्याचं चित्र नसेल तर काहीतरी चुकतंय. आणि फुलस्टॉपचं बटण रिकामा उभा असलेला गडी शोधून देतं, तेही अधूनमधून दाबत जा.

सराव कसा करायचा

ऑनलाइन जाऊ नका, निदान आठवडाभर. अरेबिया नकाशा, समोर सोपा कॉम्प्युटर, आणि फक्त पहिली दहा मिनिटं. दहा झाली की बंद करून पुन्हा सुरू. जिंकायचं नाहीच. आर्ट ऑफ वॉर नावाचा जो सरावाचा भाग आहे त्यात सुरुवातीच्या अर्थव्यवस्थेचं एक आव्हान आहे, तेही याच कामाचं. वेळेनुसार पदक देतं.

क्रम एकच पाठ करा. मी भावाला २१ लोकसंख्येला फ्यूडल दाबून पुढे स्काउट काढायचा क्रम दिला, कारण त्यात आठवायला कमी आहे. पहिले सहा गडी मेंढ्यांवर. पुढचे चार लाकडावर. पुढचा एक डुक्कर आणायला. पुढचे चार बोरांवर. खरं तर ती बेरी आहे, आम्ही बोरंच म्हणतो. त्यातला पहिला घर आणि गिरणी बांधतो. मग दुसरं डुक्कर, आणि बाकीचे गडी बहुतेक लाकडावर. असे वीस गडी आणि स्काउट झाले की लूम, मग फ्यूडल. काहीही न थांबता हे जमलं तर साडेसात मिनिटांना फ्यूडलचं बटण दाबलं जातं आणि ९:४० ला फ्यूडल लागतं. फ्यूडलला जाताना डार्क एजमधल्या दोन इमारती लागतात. गिरणी आणि लाकडाची वखार पुरते, घरं त्यात धरत नाहीत. वर जाता जाता बॅरॅक्स, पोचल्यावर तबेला, दोन्हींना प्रत्येकी १७५ लाकूड.

तुम्हाला साडेसात जमणार नाही. मला महिनाभर जमलं नव्हतं. साडेआठला दाबलं तरी तुम्ही कालच्या स्वतःपेक्षा दोन-तीन मिनिटं पुढे आहात, आणि आपल्या पातळीवर समोरचाही साडेआठवालाच असतो.

सिव्हिलायझेशन एकच धरा. फ्रँक्स घ्या, बोरं लवकर वेचतात, घोडदळ दणकट, किल्ला स्वस्त. नाहीतर हिंदुस्तानी घ्या, त्यांचे गडीच स्वस्तात बनतात आणि अन्न कमी पडण्याचं दुखणं थोडं हलकं होतं. २०२२ च्या डायनॅस्टीज ऑफ इंडियामध्ये जुने 'इंडियन्स' बदलून हिंदुस्तानी झाले आणि गुर्जर, बंगाली, द्रविड हे तीन नवे आले. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना गुर्जरच हवे असतात. मौज म्हणून ठीक, शिकायला नको. त्यांचं सगळंच निराळं आहे.

टाउन सेंटर चालू आहे, तरी हरतोय

हे नंतरचं दुखणं. मोजणीत दहा मिनिटांत ६० सेकंदांपेक्षा कमी रिकामा वेळ येत असेल तरच हा भाग वाचा. नाहीतर वर जा.

सगळ्यात आधी वरचे आकडे बघा. लाकूड, अन्न, सोनं, यातलं काहीही हजारावर गेलं असेल तर कमावलेलं पडून आहे. गडी भरपूर, माल भरपूर, आणि तबेला एकच, असं असतं. दुसरा तबेला टाका. शेतं वाढवा, एका शेताला ६० लाकूड. फ्यूडलला पोचताच लाकूडतोडीची सुधारणा घ्या, १०० अन्न आणि ५० लाकूड. ती विसरणारे कितीतरी आहेत, आणि विसरलं तर तोटा दिसत नाही म्हणून कळतही नाही.

मग शत्रूच्या घरी डोकावा. भाऊ दर मॅचला तिरंदाज काढायचा, समोर काय आहे ते न बघता. नाईट आले की पळायचे आणि मरायचे. फ्यूडलमध्ये स्काउट एकदा समोरच्याच्या गावातून फिरवून आणला तर तबेला दिसतो की आर्चरी रेंज (तिरंदाज काढायची इमारत) ते कळतं. तबेला असेल तर भाला, ३५ अन्न आणि २५ लाकूड. रेंज असेल तर तिरंदाजांवर उतारा असलेला स्कर्मिशर, २५ अन्न आणि ३५ लाकूड. दोन्हींना सोनं लागत नाही, म्हणजे सोनं कॅसल एजसाठी शिल्लक राहतं. कॅसल एजमध्ये भाल्याचं पाइकमन करून घ्यायला विसरू नका, साधा भाला नाईटसमोर फार वेळ टिकत नाही.

भिंती घाला. समोरच्याच्या पहिल्या चार स्काउटांनी लाकूडतोड्यांमध्ये धिंगाणा घातला तर वरचं सगळं गणित कोलमडतं. झाडांच्या मधल्या फटी लाकडी कुंपणाने बंद केल्या तरी पुष्कळ.

सोलापूरच्या उन्हाचं काय

हे वेगळं लिहितोय, कारण एकदा मी स्वतः तीन दिवस स्वतःलाच दोष देत बसलो होतो आणि दोष लॅपटॉपचा निघाला. एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याच्या खोलीत लॅपटॉप तापला की स्वतःचा वेग कमी करतो. पहिली दहा मिनिटं ठीक, मोठी लढाई लागली की सगळं रखडतं. या खेळात एकाचं मशीन मंदावलं की सगळ्यांचीच मॅच रखडते, आणि मग शिव्या पडतात. ४के ग्राफिक्सचा जादा पॅक टाकला असेल तर काढा. तो ऐच्छिक आहे. खालून हवा मिळेल असं ठेवा, आणि दुपारऐवजी रात्री खेळा. गादीवर ठेवून खेळणाऱ्याला माझ्याकडे उपाय नाही. लाईट गेली तर लॅपटॉप चालतो पण राउटर बंद पडतो, त्यामुळे राउटरला छोटा यूपीएस जोडा. वळवाचा पाऊस सुरू झाला की रँक्ड नको.

आणि रेटिंग. नवीन माणसाला सुरुवातीला १००० धरतात. शून्य नाही, हजार. तिथे वर्षानुवर्षं खेळणारे आहेत. त्यामुळे पहिल्या मॅच लागोपाठ हरणं ठरलेलंच आहे. आकडा घसरत आपल्या जोडीच्या लोकांपर्यंत आला की मॅच बरोबरीच्या व्हायला लागतात. भाऊ पहिल्या सहा हरल्यावर खेळ काढून टाकणार होता.

परवा त्याने कागदाचा फोटो पाठवला. दहा मिनिटांत रिकामा वेळ ४१ सेकंद. मॅच हरलाच, पण चोपन्नाव्या मिनिटाला. कारण विचारलं तर म्हणाला, "सोनं संपलं दादा, सगळ्या नकाशावरचं." त्याला सांगितलंय, पुढच्या वेळी कॅसल एजला पोचलास की मंक (साधू) काढून नकाशावरच्या रेलिक (पवित्र वस्तू) गोळा कर, मठात ठेवलेली रेलिक शेवटपर्यंत थेंब थेंब सोनं देत राहते. आणि सोनं संपल्यावर नाईटचा हट्ट सोडून भाला, स्कर्मिशर आणि हलकं घोडदळ, एवढ्यावर खेळायचं. शुक्रवारी रात्री बघणार आहोत.